इंग्रजी व्याकरणाचा अभ्यास: आधी नोंदी की आधी सिद्धांत?

वाक्यशोध (धागाकर्ता)

इंग्रजी व्याकरणाचा सैद्धांतिक अभ्यास सुरू झाला की लगेच भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांच्या परंपरेतले वाक्यवृक्ष, म्हणजे वाक्याचे भाग कसे जोडलेत ते झाडासारखं दाखवणाऱ्या आकृत्या, समोर येतात. विद्यार्थी झाड बिनचूक काढतो, पण ते वाक्य कुणी कधी बोलतं का, हा प्रश्न त्याला पडत नाही. माझं ठाम मत आहे की सुरुवात कॉर्पसपासून, म्हणजे लोकांनी खरोखर बोललेल्या-लिहिलेल्या मजकुराच्या संग्रहापासून व्हावी.

भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्रीझ यांनी १९५२ सालीच टेलिफोनवरच्या ध्वनिमुद्रित संभाषणांवरून इंग्रजी वाक्याची रचना मांडली. पुढे १९६१ साली अमेरिकेत छापलेल्या मजकुरातून प्रत्येकी साधारण २,००० शब्दांचे ५०० उतारे घेऊन ब्राउन विद्यापीठात संग्रह उभा राहिला. अशा संग्रहांनी कितीतरी समज मोडले. बोलण्यात 'आय ॲम गोइंग' छापाचा चालू काळच जास्त येतो, असं शिकवणारेही धरून चालत. १९९९ साली भाषाशास्त्रज्ञ डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांनी मोजलं, तेव्हा बोलण्यातही 'आय गो' छापाचा साधाच काळ कितीतरी पटींनी जास्त निघाला. नुसता विचार करून हे कळलं नसतं.

रिकामी_जागा

साफ असहमत. संग्रहात जे बोललं गेलं ते सापडतं. जे बोलता येतच नाही, ते कुठून सापडणार?

एक उदाहरण नीट बघा. 'हू डू यू वॉन्ट टू मीट?' हे भराभर बोलताना 'हू डू यू वॉना मीट?' होतं. आता 'हू डू यू वॉन्ट टू विन?' घ्या, म्हणजे कोण जिंकावं असं तुम्हाला वाटतं? इथे 'वॉना' केलं की बहुतेक इंग्रजी भाषकांच्या कानाला खटकतं. का? पहिल्या वाक्यात 'हू' मूळचा 'मीट'च्या पुढचा, कर्म आहे. दुसऱ्यात तो 'विन'चा कर्ता आहे, म्हणून त्याची मूळ जागा 'वॉन्ट' आणि 'टू'च्या मधोमध. तो पुढे गेला तरी जागा तिथेच राहते आणि दोन शब्दांना चिकटू देत नाही. हे त्यांना शाळेत कुणी शिकवलेलं नसतं. १९५७ पासून चॉम्स्की विचारत आले तो प्रश्न हाच: मर्यादित नियमांतून अमर्याद वाक्यं कशी निघतात आणि काही वाक्यं का निघतच नाहीत?

वाक्यशोध

उदाहरण सुंदर आहे, पण ते तुमच्या बाजूने तितकं भक्कम नाही. काही भाषकांना ते दुसरं 'वॉना'ही चालतं, आणि याच वादात ते नोंदलं गेलं आहे. शिवाय 'वॉना' हे आता स्वतंत्र क्रियापद झालंय आणि त्याच्या पुढची क्रिया त्याच्याच कर्त्याने करायची असते, एवढं मानलं तरी काम भागतं. अदृश्य जागा लागतच नाही. मग दोन स्पष्टीकरणांतून निवड कशावरून करायची? जास्त माणसं, जास्त वाक्यं तपासूनच ना?

संगती

तुम्ही दोघंही वाक्य एकटं पकडून बसलात. 'मिस्टेक्स वेअर मेड' असं म्हणणारा कर्मणी प्रयोग का निवडतो? चूक कुणाची ते झाकता येतं म्हणून. भाषाशास्त्रज्ञ मायकल हॅलिडे यांची मांडणी इथे उपयोगी पडते. प्रत्येक उपवाक्य एकाच वेळी तीन कामं करतं: जगातली घटना सांगतं, ऐकणाऱ्याशी नातं ठेवतं आणि मागच्या-पुढच्या मजकुराशी सांधा जुळवतं. वाक्याची सुरुवात कशाने केली, यालाही अर्थ असतो. वृक्ष काढून किंवा आकडे मोजून हे आपोआप हाती लागत नाही.

जुनी_पोथी

पारंपरिक व्याकरणाला सगळेच वगळताहेत, म्हणून लिहितो. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, या नियमाचं खापर जुने व्याकरणकार रॉबर्ट लाउथ यांच्यावर फुटतं. १७६२ च्या त्यांच्या पुस्तकात मात्र ही लकब आपल्या भाषेला फार जवळची आहे अशी कबुली आहे. गंभीर लेखनात ती टाळावी, एवढाच त्यांचा आग्रह. आणि ओटो येस्पर्सन? १९०९ ते १९४९ या काळात त्यांच्या इंग्रजी व्याकरणाचे सात खंड निघाले, पानोपानी प्रत्यक्ष पुस्तकांतली वाक्यं. संगणकाआधीच नोंदींची शिस्त होती.

रिकामी_जागा

येस्पर्सन यांचं नाव काढलंत ते बरं झालं. त्यांच्याकडच्या नोंदी आपोआप रचल्या गेल्या नाहीत, आधी काही कल्पना होती म्हणूनच त्या रचता आल्या. 'विल' संग्रहात लाख वेळा मोजा. तो भविष्यकाळ आहे का, हे मोजून कळेल? हडलस्टन आणि पुलम या व्याकरणकारांनी २००२ साली इंग्रजीला भविष्यकाळच नाही अशी भूमिका घेतली. 'विल' हा 'कॅन', 'मे' यांच्याच पंक्तीतला: 'ही', 'शी'बरोबरही त्याला एस लागत नाही, पुढे क्रियापद मूळ रूपात. दाराची घंटा वाजल्यावर 'दॅट विल बी द पोस्टमन' म्हणतात, तेव्हा पोस्टमन आत्ताच दारात असतो. हा युक्तिवाद आहे, मोजणी नव्हे.

वाक्यशोध

पण युक्तिवाद उभा कशावर आहे? लोक दारात खरंच म्हणतात त्या वाक्यावर. ते कुणीतरी ऐकलं, म्हणून तुम्हाला मांडता आलं. मी सिद्धांत नको म्हणत नाही. पहिल्या सत्रात विद्यार्थ्याला 'विल'ची दोनशे खरी वाक्यं द्या, त्याला स्वतः गट पाडू द्या. भविष्यकाळात न बसणारी वाक्यं समोर आली की सिद्धांत तो स्वतःहून मागेल.

रिकामी_जागा

दोनशे वाक्यं द्याच. फक्त त्यांत न चालणारी वीस मिसळा, आणि ती का चालत नाहीत हे आधी विचारा.