आसनावर बसून करुणा वाढते का?

धागाकर्ता: मैत्रीभावना हे बौद्ध ध्यान म्हणजे ‘सर्वांचे भले होवो’ असा नुसता जप, हा आक्षेप मला उथळ वाटतो. पाचव्या शतकातील बौद्ध भाष्यकार बुद्धघोष यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात तिचा क्रम दिला आहे: आधी स्वतः, मग आदरणीय व्यक्ती, जिवलग मित्र, तटस्थ माणूस आणि शेवटी वैरी. वैऱ्यापाशी येऊन मनात चीड उसळली, तर साधकाने मागे फिरावे, आधीच्या व्यक्तींविषयीची मैत्री पुन्हा दृढ करावी आणि मगच परत यावे, असे तिथे सांगितले आहे. मन कुठे अडते हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच हे लिहिले असणार.

प्रतिसाद १: असहमत. विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या बौद्ध ग्रंथात, एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि ‘हा आमच्या काही उपयोगी पडत नाही’ म्हणून सोबतचे भिक्षू त्याच्याकडे पाहतही नव्हते. बुद्धांनी पाणी ओतले, त्यांचा शिष्य आनंद याने त्याला धुतले आणि दोघांनी डोक्याकडून व पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. उपदेश तर त्या सर्वांनीच ऐकला होता! करुणा आली ती हात ओले झाल्यावर.

धागाकर्ता: प्रसंग मान्य, निष्कर्ष नाही. रुग्णाच्या उशाशी बसून स्वतःच इतके रडणारे लोक आपण पाहतो, की त्यांचे सांत्वन बिचाऱ्या रुग्णालाच करावे लागते. शोक हा करुणेचा ‘जवळचा शत्रू’ आहे, असे बुद्धघोष म्हणतात, कारण तो करुणेसारखाच दिसतो. उठणारी प्रत्येक वेदना अनित्य आहे, हे ज्याने श्वासाश्वासाला पाहिले आहे, त्याला दुसऱ्याचे दुःख पाहताना कोसळून न पडता त्याच्यापाशी थांबता येते. इथे प्रज्ञा करुणेच्या कामी येते, आणि हे ऐनवेळी शिकता येत नाही.

प्रतिसाद १: शोकाचा मुद्दा पटला. पण ‘विसुद्धिमग्गा’त उपेक्षेचाही, म्हणजे दुर्लक्षाचा नव्हे तर मनाच्या समतोलाचा, जवळचा शत्रू सांगितला आहे: अज्ञानातून आलेली बेफिकिरी. डोळे मिटून बसलेल्या साधकाला आपली शांतता या दोहोंपैकी कोणती, हे आतून कसे कळणार? ते उशाशी पाण्याचा रिकामा तांब्या घेऊन पडलेल्या माणसाला विचारावे लागेल.