लांबचा उन्हाळी प्रवास आणि काही महिन्यांचं बिऱ्हाड: तुमचं काय फसलं?

चार महिन्यांसाठी मुक्काम हलवतोय. गाडीनेच जाणार, वाटेत दोन नातेवाइकांकडे थांबणार. तयारीच्या याद्या पुष्कळ मिळाल्या, मला फसलेल्या गोष्टी ऐकायच्या आहेत. माझी सांगतो. मागच्या खेपेला टायरमधली हवा घरून निघताना बघायची राहिली, ती दोन तास गाडी चालवल्यावर बघितली. आकडा जास्त दिसला म्हणून थोडी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही टायर बसके! गाडीवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो, हे तेव्हा कळलं.

*

चढावर आमच्या इंजिनाचा काटा लाल पट्टीकडे सरकला. नवऱ्याने एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला, तेव्हा सासूबाईंना वाटलं, उन्हाने याचं डोकं फिरलं. पण हीटर इंजिनाचीच उष्णता आत ओढतो. आम्ही घामाने निथळलो, काटा मात्र खाली आला. मग बाजूला थांबून गाडी निवू दिली. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका. आतलं पाणी दाबामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सैल झालं की एकदम उसळतं. दिरांच्या मनगटावर त्याचा डाग आहे (ती आधीची गाडी, पण घाई तीच).

*

ऊन टाळायला रात्री निघा, असं कुणीतरी सुचवेलच. आम्ही निघालो होतो. पहाटे माझे डोळे उघडे होते की मिटलेले, मला आठवत नाही. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. बायकोने हाक मारली म्हणून आज हे लिहितोय. आता पहाटे निघतो, झोप पुरी करून.

*

मुलीला गाडी लागते. मोबाइल काढून घ्यायचा, लांबवर बघायला लावायचं. तरी पिशवी हाताशी ठेवा.

*

आत्याकडे दोन दिवस म्हणून थांबलो. नव्या घराचा ताबा लांबला आणि अकरा दिवस राहिलो. आत्या एका शब्दाने बोलली नाही, पण चौथ्या दिवशी ती दुपारी बसल्या बसल्या पेंगली. त्या संध्याकाळी बायकोने काही न विचारता भांडी घासायला घेतली. "राहू दे गं," आत्या म्हणाली, पण उठली नाही. विचारलं असतं तर नक्कीच नको म्हणाली असती. दुसऱ्या दिवसापासून ती मला नावाने हाक मारून कामं सांगायला लागली, तेव्हा कुठे मला तिथे मोकळं वाटलं.

*

घर ताब्यात घेताना वीजमीटरच्या आकड्याचा आणि भिंतींवरच्या जुन्या डागांचा फोटो काढा. रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत. आमच्या सगळ्यात तळाच्या खोक्यात होत्या, रात्री साडेअकराला सापडल्या.

बाकी माझी चूक वेगळीच. "सहा महिन्यांचाच तर प्रश्न आहे" म्हणून पडदे लावले नाहीत, निम्मी खोकी उघडली नाहीत. पाच महिने खोक्यावर ताट ठेवून जेवले. मागच्या महिन्यात बहीण राहायला आली, तिला उजेडात झोप येईना, म्हणून पडदे लावले. पुढच्या आठवड्यात घर सोडायचंय. सगळं आवरून झालंय, पडदे तेवढे अजून तसेच आहेत.