वॉटर्स-गिल्मर: 'आता तरी मिटवा' म्हणणारे आपण कोण?

साखळीकर:
आल्तिनोबाब, तुमची परवाची पोस्ट वाचली. पिंक फ्लॉइड बँडचे वॉटर्स आणि गिल्मर दोघेही ऐंशीच्या आसपास आलेत, ड्रमवाला मेसन आहेच, तेव्हा अहंकार गिळून एकदा तरी एका स्टेजवर या, नाहीतर तो आम्हा चाहत्यांवर अन्याय, असं तुमचं म्हणणं. खाली हात जोडलेल्यांची ही रांग. तिथं दोन ओळीत उत्तर देणार होतो, राहवलं नाही म्हणून वेगळं लिहितोय.

कसला अन्याय मरे? एकही रेकॉर्ड त्यांनी परत मागितली नाही तुमच्याकडून. आणि 'एकदा तरी' म्हणजे काय? 2 जुलै 2005 ला लंडनच्या हाइड पार्कात चौघं उभे राहिले होते की. 1981 नंतर पहिल्यांदा. तेव्हाही दुसऱ्या दिवसापासून सुरू: छान, आता टूर काढा. तुमची 'एकदा' ही अशी असते.

अहंकार म्हणून झटकून टाकणं सोपं आहे. भांडण बँडच्या नावावरून होतं. 1985 च्या डिसेंबरात वॉटर्सनं कळवलं की मी बँड सोडला. त्याचा हिशोब असा की मी गेलो म्हणजे पिंक फ्लॉइड संपलं. उरलेल्यांना तो हिशोब मान्य नव्हता. 1986 मध्ये हा कोर्टात गेला. 1987 च्या सप्टेंबरात त्यांनी त्याच नावानं नवी रेकॉर्ड काढली, आणि डिसेंबरात टेम्स नदीवरच्या गिल्मरच्या हाउसबोटीवर बसून कागद झाले. नाव यांना, 'द वॉल' या रेकॉर्डचे हक्क त्याला. तंटा संपला, प्रेम उरलं नाही. बिघडलं कुठे?

आणि मिटवा म्हणणाऱ्यांपैकी एकाच्याही तोंडी चौथ्याचं, कीबोर्डवाल्या रिक राइटचं नाव नसतं. 1979 मध्ये 'द वॉल'चं रेकॉर्डिंग चालू असताना त्याला बाहेर काढला. मग त्याच रेकॉर्डच्या कार्यक्रमांना पगारी वादक म्हणून उभा केला. त्या कार्यक्रमांत इतका तोटा झाला की तिघा मालकांच्या खिशातून गेले आणि पैसे मिळाले ते फक्त नोकराला. 2008 मध्ये तो गेला. आता कुणी कुणाशी मिटवायचं?

आल्तिनो:
चार ओळींच्या पोस्टीवर प्रबंध आला, धन्यवाद.

तुम्ही 1987 वर थांबलात, कारण तिथं थांबणं सोयीचं. नाव वाटून घेतलं, कागद झाले, मान्य. मग 2011 च्या मे महिन्यात लंडनच्या ओटू अरेनात वॉटर्सच्या 'द वॉल'च्या कार्यक्रमात गिल्मर स्टेजवरच्या भिंतीवर उभा राहून गिटार वाजवतो, मेसनही शेवटी येतो, ते कशासाठी? म्हणजे जमत होतं! नंतर परत बिनसलं ते नावावरून नाही. 2023 च्या फेब्रुवारीत गिल्मरच्या बायकोनं, पॉली सॅमसननं, वॉटर्सला ट्विटरवर जाहीरपणे ज्यूद्वेष्टा आणि पुतिनचा वकील ठरवलं. गिल्मरनं खाली सही केल्यासारखं लिहिलं की यातला शब्द न् शब्द खरा. वॉटर्सनं सगळं फेटाळलं. हे कुठल्या हक्काचं भांडण? ही निव्वळ जळफळ आहे, आणि तिला तत्त्वाचा झगा तुम्ही घालताय.

बेस_आणि_बांगडो:
गिल्मरवाल्यांचं हे नेहमीचं. गिटार गोड लागली की माणूसही गोड.

शब्द वॉटर्सचे, कल्पना वॉटर्सची, 'द वॉल'चा सगळा आराखडा वॉटर्सचा. तो गेल्यावर राहिलेल्यांनी बाहेरचे गीतकार आणले आणि पाटी तीच ठेवली. हे कसं लागतं ते मला विचारा.

किनारपट्टीवरच्या हॉटेलांत मी बरीच वर्षं बेस वाजवलाय. बँडचं नाव मी सुचवलेलं, गाण्यांचा क्रम मी लावायचो, दोन गाणी माझी स्वतःची. लग्नाच्या सीझनला पैशांवरून वाजलं आणि मी निघालो. पुढच्या डिसेंबरात कळंगुटच्या रस्त्यावर फ्लेक्स: तेच नाव, तोच फोटो, फक्त मला कापलेलं. कापणाऱ्यानं घाई केली असणार, कारण गायकाच्या खांद्यावर माझा पंजा तसाच राहिला होता. बोटातली अंगठीसुद्धा दिसत होती. माझं गाणंही वाजवत होते, नवा बेसवाला कडव्याच्या शेवटी एक सूर चुकत होता. स्कूटर बाजूला लावून ऐकत उभा राहिलो आणि मनातल्या मनात सगळ्यांच्या आयमायचा उद्धार केला. तेव्हा मला कुणी 'जाऊ दे रे, मिटव' म्हणाला असता तर तिथंच त्याला एक ठेवून दिली असती.

आल्तिनो:
वाईट वाटलं, खरंच. पण 2013 मध्ये खुद्द वॉटर्सनं बीबीसीवर कबूल केलंय की कोर्टात जाणं ही माझी चूक होती. वकील अजून भांडतोय आणि अशील कबुली देऊन घरी गेला.

पखवाजवाला:
लंडनला कित्याक जाता? घरात बघा. 1913 मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि बोडस किर्लोस्कर मंडळी सोडून निघाले, गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. 1918 मध्ये आमचे मंगेशीचे दीनानाथ निघाले, बलवंत मंडळी उभी राहिली. त्या काळात कुणी 'मिटवा हो' म्हणून हात जोडत बसलं असतं आणि ते ऐकले असते, तर एका कंपनीत तिघांना एकच नायिका वाटून घ्यावी लागली असती.

आणि हाइड पार्कच हवं असेल तर 8 जुलै 1921. संयुक्त मानापमान, दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेलं. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर, टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन्हीकडचे चाहते एका थिएटरात. ऑक्टोबरात केशवराव गेलेच. रिक राइटचं जे झालं तेच.

मंगेशीची सून:
उदाहरण साफ चुकलं, भाऊ. केशवराव गंधर्व मंडळीत कधी होते? त्यांनी 1908 मध्येच ललितकलादर्श काढली होती. ते प्रतिस्पर्धी, जुने सोबती नव्हेत. प्रतिस्पर्ध्याबरोबर एक रात्र गाणं सोपं असतं, दुसऱ्या दिवशी आपापल्या बिऱ्हाडी जायचं. ज्याच्याबरोबर एका पंगतीत जेवलात, ज्याच्या बायकोला वहिनी म्हणालात, त्याच्याबरोबर परत उभं राहणं अवघड. तुम्हाला टेंबे घ्यायला हवे होते. भागीदार होते, बाहेर पडले, स्वतःची शिवराज मंडळी काढली. ते आणि बालगंधर्व, हे तुमचे वॉटर्स आणि गिल्मर.

पखवाजवाला:
बरं बाई, टेंबे घ्या. मुद्दा तोच राहतो ना? फुटले म्हणून वाढले.

मंगेशीची सून:
फुटले म्हणून कर्जातही बुडाले. तो भाग गाळायचा नाही.

जुना पेडणेकर:
नाटक मंडळ फुटण्यावर बोलायचा हक्क फक्त आमच्या गावाला. आमचं मंडळ फुटलं पेटीवरून. मुंबईला नोकरीला असलेल्या एका गावकऱ्यानं ती दिली होती; मंडळाला दिली की वाजवणाऱ्याला, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. वाटणीत पडदे एका गटाकडे गेले, पेटी दुसऱ्याकडे. नाव दोघांनीही ठेवलं, एकानं पुढं 'मूळ' लावलं, दुसऱ्यानं 'आद्य'.

कालोत्सवाच्या रात्री दोन नाटकं. देवळाच्या मांडवात पडदेवाले, त्यांच्याकडे दरबार, जंगल, तुरुंग सगळं, पण पदांना शाळकरी पोराचा कीबोर्ड, त्यातून मधेच ढोलकी आपोआप सुरू व्हायची. समोरच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, पेटीवाले, गाणं अव्वल, पण मागे हिरवी ताडपत्री. औरंगजेब ताडपत्रीसमोर बसून फर्मानं काढतोय आणि वाऱ्यानं ताडपत्री त्याच्या पगडीवर येतेय. लोक नाट्यपदाला भाटात जायचे, तलवारबाजीला मांडवात यायचे. चहावाल्याची चंगळ. दोन्ही कर्णे एकमेकांवर, संभाजी इकडे बोलला की तिकडचा मुकर्रबखान दचकायचा.

महाजनांनी मध्यस्थी केली, दोघांना नारळ दिले, सगळे रडले. पुढच्या वर्षी एकत्र नाटक झालं. असं टुकार नाटक गावानं कधी पाहिलं नाही. कुणी कुणाला चूक दाखवायला तयार नाही, सगळे एकमेकांना 'तुम्ही म्हणाल तसं'. त्यापेक्षा ताडपत्री परवडली.

साखळीकर:
पेडणेकरबाब, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही बरं लिहिलंत.

मिरामार:
पिंक फ्लॉइडवर बोलणं चाललं होतं ना? गोव्यातल्या मराठीवाल्यांपुढे कुठलाही विषय काढा, पाचव्या मिनिटाला बालगंधर्व.

नाव आणि श्रेय यावर बोलायचं तर मुंबईच्या सिनेमातल्या गोंयकारांवर बोला. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनकडे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. वाद्यवृंदाचा कागद यांनी लिहायचा, शंभर वाजवणाऱ्यांना यांनी बसवायचं, आणि पोस्टरवर नाव संगीतकाराचं. त्यांना भांडायचीसुद्धा सोय नव्हती. वॉटर्सकडे निदान वकील होता. पण ते तियात्र (कोकणी नाटक) आणि बँडवाल्यांच्या गावचे पडले, तुम्हाला कशाला आठवतील!

पखवाजवाला:
दीनानाथ काय पुण्याचे होते? संगीत नाटक गोंयकाराचं नाही हे कुणी ठरवलं? 'मराठीवाले' म्हणून बोट दाखवायची गरज नव्हती. गोव्याच्या राजभाषेचा कायदा 1987 मध्ये झाला, तो कोकणी-मराठी वाद तुम्ही आता पिंक फ्लॉइडमध्ये घुसडताय.

मिरामार:
बोट लागलं म्हणजे जागा बरोबर होती.

पखवाजवाला:
तुमच्यासारख्यांशी बोलणं म्हणजे...

मंगेशीची सून:
दोघंही पुरे. 1987 मध्येच त्या दोघांनी बोटीवर बसून वाटणी केली. तुमच्यासाठी मांडवीतली एक फेरीबोट बघू का?

बेस_आणि_बांगडो:
मिरामारचा सूर सोडा, सेबॅस्टियनबाबांबद्दल तो खरं बोलतोय. आमच्या गावात अशी एक दोन घरं आहेत, माळ्यावर ट्रंका भरून हातानं लिहिलेली नोटेशनं. वाळवी लागली. नातवाला वाचता येत नाहीत.

आल्तिनो:
फिरून मूळ मुद्द्यावर येतो, चालेल ना? 2024 च्या ऑक्टोबरात पिंक फ्लॉइडची सगळी रेकॉर्डिंग सोनीला विकली गेली. बातम्यांतला आकडा सुमारे 40 कोटी डॉलर. नाव आणि चेहरे वापरायचे हक्कही त्यात. म्हणजे साखळीकर, ज्या नावासाठी ही सगळी तत्त्वाची लढाई झाली असं तुम्ही सांगताय, ते नाव दोघांनी मिळून बाजारात नेलं. पैशासाठी सही जमते, गाण्यासाठी जमत नाही. आता बोला.

साखळीकर:
बोलतो. गिल्मरनंच सांगितलंय की विकण्यामागं पैशापेक्षा रोजच्या निर्णयांतून आणि वादांतून सुटका हवी होती. 'ॲनिमल्स' या त्यांच्या जुन्या रेकॉर्डचं नवं मिक्सिंग 2018 चं, बाहेर आलं 2022 ला, का तर आत छापायच्या मजकुरावर एकमत होईना. इतकी वर्षं एका कव्हराच्या आतल्या मजकुरावर! तिसऱ्याला विकून टाकलं हा शहाणपणा. पेडणेकरांच्या गावात पेटी विकली असती तर दोन्ही नाटकं बरी झाली असती.

बाकी 2023 च्या त्या ट्विटचं तुम्ही म्हणता ते खरं, तो नावाचा तंटा नव्हता. घ्या, एक गुण तुमचा. फ्रेम करून लावा.

आल्तिनो:
लावतो. बाजूला 2005 चा फोटो लावणार आहे, चौघं गळ्यात गळे घालून वाकलेत तो. तुम्ही कितीही लिहा, मला तो बघून बरं वाटतं.

बेस_आणि_बांगडो:
त्यात पंजे कुणाचे कुणाच्या खांद्यावर आहेत ते बघून सांगा.

जुना पेडणेकर:
आमची पेटी विकायची सूचना पुढं पाठवली. 'मूळ'वाले म्हणतात आधी 'आद्य'वाल्यांनी पडद्यांचा हिशोब द्यावा. पडदे तर मूळवाल्यांकडेच आहेत, पण ते कुणी सांगायचं त्यांना?