बरोबरीतला डाव घड्याळावर जिंकला, चुकलं का?

नौपाडकर
रविवारी नौपाड्यात एका शाळेच्या हॉलमध्ये बुद्धिबळाची रॅपिड (झटपट डावांची) स्पर्धा होती. प्रत्येकी 20 मिनिटं, इन्क्रिमेंट (दर चालीला मिळणारे जादा सेकंद) नाही. शेवटच्या फेरीत समोर साठीचे काका. प्यादी सगळी कटली. उरले दोन राजे आणि एकेक उंट, माझा पांढऱ्या घरांचा, त्यांचा काळ्या. काकांकडे 40 सेकंद, माझ्याकडे 3 मिनिटं. त्यांनी ड्रॉ विचारला, मी नाही म्हटलं आणि उंट फिरवत बसलो. त्यांचा फ्लॅग पडला, म्हणजे वेळ संपला, आणि आर्बिटरने (पंचांनी) गुण मला दिला. उठताना काका म्हणाले, "हे बुद्धिबळ नाही, घड्याळबळ!" अहो, पण ओपनिंगला एकेका चालीवर चार-चार मिनिटं घालवली कोणी?

तिरका उंट
त्या स्थितीत जिंकायचा प्रयत्न तरी केलास का? नुसती काकांची बोटं पळवलीस.

आडवा हत्ती
आर्बिटर बरोबर आहे. दोन्ही उंट एकाच रंगाच्या घरांचे असते तर मात शक्यच नाही, डाव तिथेच बरोबरीत संपला असता. विरुद्ध रंगाचे असले की मात निघते. पटावर लावून बघा: काकांचा राजा एच1 वर, शेजारी जी1 वर त्यांचाच उंट, तुझा राजा एच3 वर आणि एफ3 वरून तुझ्या उंटाचा शह. काकांनी मदत केल्याशिवाय हे होणार नाही, पण फ्लॅग पडल्यावर नियम फक्त 'शक्य आहे का' एवढंच विचारतो.

तिरका उंट
म्हणजे काका आपणहून खड्ड्यात उडी मारतील या भरवशावर गुण!

नौपाडकर
2025 मध्ये बाटुमीला महिला विश्वचषकाच्या फायनलच्या टायब्रेकमध्ये कोनेरू हम्पीविरुद्ध दिव्या देशमुखलाही घड्याळाची मदत झालीच की.

तिरका उंट
काहीही! तिथे दर चालीला 10 सेकंद मिळत होते. हम्पी घाईत चुकली आणि दिव्याने ते पटावर वसूल केलं.

कोपरीचा घोडा
काकांना वाट होती खरं तर. दोन मिनिटांहून कमी वेळ उरला की आपल्या चालीच्या वेळी दोघांसाठी 5 सेकंदांचं इन्क्रिमेंट मागता येतं. आर्बिटरने मानलं तर समोरच्याला वर 2 मिनिटं मिळतात. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) मार्गदर्शक सूचनांत आहे हे, पण आयोजकांनी आधी जाहीर केलं असेल तरच लागू. आपल्याकडे आधी जाहीर होते ती जेवणाची सुट्टी. माझा राग नौपाडकरवर नाही, बिनइन्क्रिमेंटच्या स्पर्धा भरवणाऱ्यांवर आहे.

तिरका उंट
ते मान्य. तरी मी ड्रॉ दिला असता.

आडवा हत्ती
नौपाडकर, त्या गुणाने बक्षीस कितवं आलं?

नौपाडकर
नववा आलो. रोख बक्षिसं पहिल्या आठांना होती.