घराबाहेर राहून शिकणाऱ्याने रोजचं जेवण स्वतः रांधावं का?

सांडशी

घर सोडून शिकायला गेलेल्या प्रत्येकाने चार पदार्थ तरी रांधायला शिकलंच पाहिजे, आणि आठवड्यातली बहुतेक जेवणं स्वतःच्या हातची असली पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. बाहेर खायला मला मनापासून आवडतं. मेन्यूकार्डावर कधी न ऐकलेलं नाव दिसलं की मी तेच मागवतो. पण दोन्ही वेळा बाहेरच जेवायला लागलं की ती गंमत आठवड्याभरात संपते आणि उरतं ते नुसतं पोट भरणं.

पैसे वाचतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते आपल्या पोटात काय जातंय हे आपल्याला माहीत असणं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे जेमतेम चहाचा एक सपाट चमचा. रोज बाहेर जेवणाऱ्याला आपण किती खाल्लं याचा अंदाज तरी असतो का? घरी निदान मिठाच्या डब्यात हात आपला असतो.

शिवाय खरं साहस दोन्हींच्या मध्ये आहे. बाहेर काहीतरी चाखायचं आणि घरी येऊन ते जमतं का बघायचं. बाहेर खाल्लेले मशरूम कडेने तांबूस, खमंग होते. घरी केले तर पाणी सुटून लिबलिबीत. कारण साधं आहे, पण कढईसमोर उभं राहिल्याशिवाय ते डोक्यात शिरत नाही. एकदम सगळे टाकले की सुटलेल्या पाण्याला वाफ होऊन जायला जागा मिळत नाही, आणि कढईत पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर चढत नाही. तांबूस रंग आणि खमंग वास ज्या मेलार्ड प्रक्रियेतून येतो, तिला साधारण १४० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. दोन घाण्यांत, पसरून, न ढवळता परतले आणि मीठ शेवटी घातलं, की जमले. हे कुठलंही हॉटेल ताटात वाढून देत नाही.

रात्रपाळी

तुमचा उत्साह आवडला, मत पटलं नाही. स्वयंपाकाचं कौतुक करणारे लोक वेळ मोजतात तो गॅस पेटल्यापासून गॅस बंद होईपर्यंत. सामान आणणं, निवडणं, चिरणं, ओटा पुसणं, तळाला लागलेलं पातेलं घासणं, हे सगळं कोणाच्या खात्यात? मी शिकता शिकता संध्याकाळी कामही करते. माझ्याकडे दिवसाचे जे दोन मोकळे तास असतात ते वाचनाचे आहेत. ते मी कांदा चिरण्यात घालवावेत असं मला कोणी सांगू नये.

आणि एकट्यासाठी रांधणं किती वाया जातं ते बघा. कोथिंबिरीची जुडी घेतली तर तिसऱ्या दिवशी तिचा चिखल होतो. पालेभाजी एका माणसाला पुरेल एवढी मिळतच नाही. वाया गेलेलं सगळं धरून हिशेब केलात तर पैसे वाचतात हा मुद्दाही तुम्ही समजता तितका पक्का राहत नाही.

सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी. स्वतः रांधण्याच्या बाजूने आहे, पण 'घरचं म्हणजे सुरक्षित' हे जे सगळे गृहीत धरतात त्यावर थोडं लिहायचं आहे. मोठ्या पातेल्यात भात करायचा, रात्रभर ओट्यावर ठेवायचा आणि सकाळी गरम करून खायचा, हे आमच्या खोल्यांमध्ये सर्रास चालतं.

तांदळावर बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक, सुप्त रूपं, असू शकतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलटी घडवणारं विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणून 'पुन्हा चांगला गरम केला होता' हे उत्तर इथे चालत नाही. जिवाणू मेले तरी विष शिल्लक राहतं. वास आणि चव बिघडलेलीच असेल असंही नाही.

उपाय सोपा आहे. उरलेला भात पसरट ताटात काढायचा म्हणजे लवकर निवतो, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकायचा. गच्च भरलेलं खोल पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवलंत तर मधला भात बराच वेळ कोमटच राहतो. राजम्याचंही असंच. भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळून उकळायचा. मंद आचेवर अर्धाकच्चा शिजवलेला राजमा पोटाला फार त्रास देतो, त्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे. रांधायला शिका म्हणताना हेही शिकवा.

तिसरा मजला

'प्रत्येकाने शिकलंच पाहिजे' हे ऐकलं की मी सावध होते. मुलींना हे वाक्य लहानपणापासून ऐकावं लागतं आणि मुलांना ते घर सोडल्यावर कळतं. सांडशी, तुम्ही 'प्रत्येकाने' म्हणालात म्हणून बरं वाटलं, पण चार जणांच्या खोलीत काय होतं ते सांगते. ज्याला येतं त्याच्यावरच सगळं पडतं. बाकीचे 'आम्हाला तुझ्यासारखं जमत नाही' म्हणून ताट घेऊन बसतात.

दुसरं म्हणजे सोबत. खोलीवर एकटी असले की मी ओट्याशी उभी राहून, फोनकडे बघत, पातेल्यातूनच जेवते. मेसमध्ये निदान समोर कोणीतरी असतं. 'आज का गं गप्प?' असं विचारणारी माणसं मला तिथे भेटली. नव्या गावात पहिल्या काही महिन्यांत ही गोष्ट मिठाच्या हिशेबापेक्षा कितीतरी मोठी असते. बाहेर जेवण्याचा हा फायदा कोणी मोजतच नाही.

भटारखाना

सुट्ट्यांमध्ये मी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम केलं आहे, तेव्हा दोन्हीकडचं थोडंफार माहीत आहे. रात्रपाळीताई, तुमचा वेळेचा मुद्दा बरोबर आहे, पण हॉटेलवाल्यांपुढेही तोच प्रश्न असतो. गिऱ्हाईक बसल्यापासून थोड्या वेळात ताट कसं येतं? कारण कांदे सकाळीच चिरून झालेले असतात, ग्रेव्ही मोठ्या पातेल्यात तयार असते, डाळ शिजलेली असते. ऑर्डर आली की फक्त जुळवणी आणि शेवटची फोडणी. घरीही असंच करायचं. रविवारी कांदा-टोमॅटोचा मसाला परतून, निववून, लहान डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाका. मग हव्या त्या दिवशी त्यात उकडलेली अंडी, बटाटे, कडधान्य, जे असेल ते. कोथिंबिरीच्या नादी लागू नका. कांदे, बटाटे, डाळी, अंडी या टिकणाऱ्या वस्तूंवर एकट्याचं स्वयंपाकघर चालतं.

सांडशी, तुम्हालाही एक सांगतो. हॉटेलची चव घरी हुबेहूब येत नाही म्हणून कष्टी होऊ नका. तिथल्या शेगडीची आच घरच्या गॅसपेक्षा फार मोठी असते, आणि लोणी-तेल किती पडतं ते गिऱ्हाइकाने पाहिलं तर तो अर्धं ताट तसंच ठेवेल. काही पदार्थ बाहेरच खावेत, त्यांच्यासाठी घरी धडपडण्यात अर्थ नाही.

सांडशी

तिसरा मजला, सोबतीचा मुद्दा मोठा आहे, तो मान्य. पण त्याचा इलाज दोघा-तिघांनी मिळून रांधणं हाही आहे. आमच्याकडे रांधणारा भांडी घासत नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे आणि ज्याला काहीच येत नाही त्याला चिरायला बसवतात. महिन्याभरात तो भात तरी नीट लावायला शिकतोच. एकावरच ओझं पडतं ते नियम न ठरवल्यामुळे.

रात्रपाळी, तुमचे दोन तास वाचनाचेच राहू देत. पण तुमच्यासारख्या दमून येणाऱ्या माणसालाच दहा मिनिटांत होणारं काहीतरी यायला हवं. रात्री उशिरा हॉटेलं बंद, मेस बंद, तेव्हा काय खाता? बिस्किटं ना?

रात्रपाळी

हो, बिस्किटंच. तो प्रश्न वर्मी लागला हे खरं. फ्रीजरमधल्या मसाल्याची युक्ती करून बघेन, कारण तिच्यात रोजची चिराचिरी नाही. पण 'आठवड्यातली बहुतेक जेवणं' हे मला अजूनही पटलेलं नाही. दुपारचं मेसमध्येच, आणि परीक्षेच्या महिन्यात दोन्ही वेळचं. ज्या मावशी रोज वेळेवर गरम ताट वाढतात त्यांच्या जिवावर आमच्यासारख्यांचं शिक्षण होतं. त्यात काही कमीपणा आहे असं कोणी सुचवलं तर मी पुन्हा भांडायला येईन.

सूक्ष्मदर्शी

मसाला फ्रीजरमधून काढलात की ओट्यावर ठेवून वितळवू नका, थेट कढईत टाका. आणि डब्यावर तारीख लिहा. तीन जणांच्या फ्रिजमध्ये कुठला डबा कधीचा हे कोणालाच आठवत नाही.