धबधब्यावर थांबणारे आणि न थांबणारे: घरच्यांनी मिळून व्हिडिओ गेम खेळावा का?

दोन कंट्रोलर (धागाकर्ती)

‘मुलाशेजारी बसून व्हिडिओ गेम खेळणारा बाप आणि दारूड्या मुलाला सोबत म्हणून स्वतःचा पेला भरणारा बाप यांत फरक तो काय,’ असे ओसरीवाले यांनी गेल्या आठवड्यात लिहिले आणि त्याखाली बऱ्याच जणांनी ‘अगदी मनातले बोललात’ म्हणून माना डोलावल्या. मी बाप नसून आई आहे, पण तो पेला माझ्याही हातात असल्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

ज्यांचे बालपण १९९० च्या दशकात गेले त्यांना कॅसेट फुंकून बसवण्याचा सोहळा सांगायला नको. कॉन्ट्रा या दोघांनी मिळून खेळायच्या गोळीबाराच्या व्हिडिओ गेममध्ये तिसरी पातळी धबधब्याची असे. दोघे खेळाडू वर चढत असतात, पडदा पुढे गेलेल्याबरोबर वर सरकतो आणि मागे राहिलेला पडद्याखाली जाऊन फुकट मरतो. माझा दादा घरात पाण्याचा तांब्यासुद्धा माझ्याकडून मागवत असे, पण त्या धबधब्यावर तो माझ्यासाठी थांबत असे, कारण वरच्या राक्षसाशी लढायला त्याला मी हवी असायचे. त्यात त्याचा स्वार्थ होता हे मान्य आहे; तरी त्या घरात मला बरोबरीने वागवणारी दुसरी कोणतीही जागा मला आठवत नाही.

गेल्या पावसाळ्यात मी आणि माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने ‘इट टेक्स टू’ रविवार-रविवार करून पूर्ण केला. २०२१ साली आलेला हा खेळ एकट्याने खेळताच येत नाही. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचे एक जोडपे बाहुल्यांच्या रूपात अडकते. एका पातळीत त्याच्याकडे खिळे असतात आणि तिच्याकडे हातोडा, त्याने भिंतीत खिळा मारायचा आणि तिने त्यात हातोडा अडकवून झोका घेत पलीकडे जायचे. माझा खिळा दहा वेळा चुकला, माझी मुलगी दहा वेळा दरीत पडली आणि आयुष्यात प्रथमच तिने मला ‘आई, घाई करू नकोस’ असे समजावले. पुढे एक प्रसंग येतो. आपल्या मुलीच्या अश्रूंनी आपण पुन्हा माणसे होऊ या समजुतीने हे आईबाप तिच्या लाडक्या कापडी हत्तिणीचा नाश करायला निघतात, हत्तीण गयावया करत असते, आणि तिला ओढत नेण्यासाठी बटणे खेळणाऱ्यालाच दाबावी लागतात. माझ्या मुलीने कंट्रोलर खाली ठेवला आणि विचारले, ‘तू आणि बाबा भांडता तेव्हा मी काय करते, हे तुला माहीत आहे का?’ मला माहीत नव्हते. ती काय करते ते मी येथे लिहिणार नाही, पण त्या संध्याकाळी आम्ही दोन तास बोललो. समोरासमोर बसवून विचारले असते तर तिने ‘काही नाही’ म्हणून खोलीचे दार लावून घेतले असते.

ओसरीवाले

ताई, आपले लेखन भावपूर्ण आहे. परंतु एका संध्याकाळच्या संभाषणावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे छत्तीस वर्षे मुलांना शिकवलेल्या माणसाने सांगितले तर राग मानू नये. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात व्हिडिओ गेमच्या व्यसनाला विकार म्हणून स्थान दिले, आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागूही झाले. मेंढीकोट या पत्त्यांच्या खेळाला असे स्थान कोणी दिल्याचे माझ्या वाचनात नाही. मे महिन्यात आमच्या ओसरीवर पत्त्यांच्या एका कॅटमध्ये तीन पिढ्या बसत असत. भिडूच्या चेहऱ्यावरून त्याच्या हातात दश्शी आहे की नाही हे ओळखावे लागे. आपण मायलेकी एकमेकींकडे नव्हे, भिंतीवरच्या पडद्याकडे पाहत होतात.

भज्यांचा हिशोब

तीन पिढ्या बसत असत, हे वाक्य मी माझ्या माहेरी आणि सासरी मिळून इतक्या वेळा ऐकले आहे, की आता ते ऐकले की तळणाचा वास येतो. काका, त्या तीन पिढ्यांत बायका किती होत्या, ते कृपया सांगावे. आमच्याकडे मेंढीकोट रंगला की आतून भजी, मग चहा, मग पुन्हा भजी जात असत, आणि ‘अगं, तूपण ये ना खेळायला’ हे वाक्य शेवटचा डाव वाटून झाल्यावर उच्चारले जात असे. मी मेंढीकोट एकतिसाव्या वर्षी शिकले, तेही होस्टेलवरून आलेल्या धाकट्या नणंदेकडून.

व्हिडिओ गेमचे मला विशेष कौतुक नाही. माझा नवरा आणि मुलगा खेळतात तेव्हाही सोफ्यावर दोघेच असतात आणि मी ‘जेवायला या’ म्हणणारा आवाज असते. कुटुंबाने एकत्र खेळण्याचे फायदे मोजण्याआधी त्या कुटुंबात स्वयंपाकघर मोजले आहे का, एवढेच विचारते.

हुकूम बंद

मूळ विषयाशी मला देणेघेणे नाही, परंतु ओसरीवाले यांनी आधीच्या एका चर्चेत मेंढीकोटात हुकूम, म्हणजे इतर रंगांना मारणारा रंग, ठरवण्याचा कट हुकूम हाच खरा प्रकार असल्याचे लिहिले होते, ते तसेच राहू देणे योग्य नाही. बंद हुकुमात एकाने आपल्या हातातले पान उपडे ठेवायचे आणि एखाद्याकडे उतारीचा रंग नसला की त्याने हुकूम उघडायला सांगायचे, यातच या खेळाची बुद्धी आहे.

ओसरीवाले

बंद हुकूम हा घाईच्या लोकांनी रुळवलेला प्रकार आहे. कट हुकुमात ज्याच्याकडे उतारीचा रंग नाही त्याने टाकलेल्या पानाचा हुकूम होतो, तेव्हा त्या क्षणी त्याला तेरा पानांचा विचार करावा लागतो. बंद हुकुमात निम्मे काम नशीब करते. आमच्या गावात बंद हुकूम खेळणाऱ्यांना पंगतीत शेवटी वाढत असत.

हुकूम बंद

आणि आमच्या गावात कट हुकूम खेळणाऱ्यांच्या खुणांचा बंदोबस्त करण्यासाठी मध्ये चादर धरावी लागत असे. कान खाजवला की इस्पिक, खोकला आला की बदाम!

भज्यांचा हिशोब

पंगतीत शेवटी कोण बसत असे, याचे उत्तर मला ठाऊक आहे, आणि त्याचा हुकुमाशी काहीही संबंध नव्हता.

आकडेमोड

चर्चा ओसरीवरून उठणार नसेल तर निदान एक अभ्यास मध्ये ठेवतो. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील सारा कॉइन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ११ ते १६ वयाची मुले असलेल्या २८७ कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. आईवडिलांबरोबर खेळणाऱ्या मुलींमध्ये आक्रमकता कमी आणि इतरांना मदत करण्याची वृत्ती अधिक आढळली. मुलग्यांमध्ये असा संबंध दिसला नाही. धागाकर्तीने आनंदून जाण्याआधी लक्षात घ्यावे, की हा एका वेळी दिसलेला संबंध आहे, कारण नव्हे. ज्या घरात आईबापांना मुलीबरोबर बसायला वेळ आणि इच्छा आहे, ते घर कदाचित कॅरम खेळूनही तसेच राहिले असते.

रात्रपाळी

मी मुलग्याचा बाप आहे, म्हणून माझी हकीकत वरच्या अभ्यासाच्या रिकाम्या रकान्यात भरावी.

सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा मी पेढे वाटायचा बाकी होतो. पुढच्या वर्षी तोच खेळ भारतीय नाव लावून बीजीएमआय म्हणून आला आणि मुलगा पुन्हा चिकटला. एका समुपदेशकाने सांगितले, की रागावू नका, त्याच्याबरोबर खेळा, म्हणजे तो कोणाशी बोलतो ते कळेल. मी खेळू लागलो. पहिल्या महिन्यात खरोखर जवळीक वाढली. कामावरून आलो की तो दारात उभा असायचा. तिसऱ्या महिन्यात तो अभ्यासाला बसलेला असायचा आणि मी त्याला हाक मारत असे, कारण आमच्या चौघांच्या तुकडीत एक जण कमी पडत असे. माइकवर पोरेटोरे ज्या शिव्या देतात त्या मी माझ्या मुलासमोर ऐकल्या आणि एकदा दिल्याही. मध्यंतरी तोही बंद झाला; २०२३ मध्ये खेळ पुन्हा आला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा होती, आणि ती ओलांडण्यासाठी त्याने वापरलेले खाते माझे होते. ते मीच उघडून दिले होते. ओसरीवाल्यांची पेल्याची उपमा वाचून मला राग आला नाही. मी फोन उलटा ठेवला आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

दोन कंट्रोलर (धागाकर्ती)

रात्रपाळी, आपण हे लिहिलेत याबद्दल आभार मानते, आणि माझ्या मूळ लेखनात एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली गेली हेही मान्य करते. मी ज्या खेळाविषयी बोलत होते त्याला शेवट आहे. तो एका सोफ्यावर दोघींनी खेळायचा असतो, त्यात अनोळखी कोणी शिरत नाही, आणि कथा संपली की तो कपाटात जातो. आपल्याला मिळालेला खेळ संपतच नाही, आणि आपण उठलात तर उरलेले तिघे मरतात. दोहोंना ‘व्हिडिओ गेम’ हे एकच नाव आहे, एवढ्यावरून दोन्हींचे फायदे किंवा तोटे एका ओळीत लिहिणे चूक होते; ती मीही केली आणि काकांनीही केली. फक्त काका ती मान्य करणार नाहीत.

भज्यांचा हिशोब, आपल्यासाठी उत्तर नाही. आमच्या घरी त्या रविवारी डाळखिचडीच असायची आणि ती नवरा करायचा, पण हे मी शिकवले की कंट्रोलरने, ते सांगता येणार नाही.

आकडेमोड

ओसरीवाले काकांना एक नम्र प्रश्न. २०२० च्या टाळेबंदीत आपण याच ठिकाणी ‘सांगलीच्या बहिणीशी रोज रात्री लुडो किंग खेळतो, ती अजूनही रडीचा डाव खेळते’ असे लिहिले होते. नवी मुंबईच्या एका कंपनीने बनवलेला तो मोबाइलवरचा खेळ नेमका कोणत्या ओसरीवर येतो?

ओसरीवाले

लुडो म्हणजे सोंगट्याच आहेत. पट फक्त काचेवर आहे.

तरीही विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. माझी बहीण तेव्हा एकटी होती, दूध टाकणाराही दाराबाहेरूनच परत जात असे, आणि रात्री साडेनऊला ती माझी सोंगटी मारून जे खदखदून हसत असे, ते मी तिच्या लग्नानंतर ऐकलेले नव्हते. ओसरीवर ती कधी खेळायला बसली होती का, हे आठवण्याचा मी कालपासून प्रयत्न करत आहे. ती पत्ते पिसून देत असे, एवढे आठवते. भज्यांचा हिशोब यांनी यावर पुन्हा टिप्पणी करू नये ही विनंती.

पेल्याची उपमा रात्रपाळी यांच्यासाठी नव्हती. त्यांच्यापुरती ती मागे घेतो. इतरांसाठी ती तशीच आहे, आणि कट हुकुमाविषयीचे माझे मतही तसेच आहे.

हुकूम बंद

मग सांगलीच्या ताईंना विचारा, त्या कोणता हुकूम खेळल्या असत्या.