राजापूरच्या घरासाठी कोणती डिश घ्यावी? पूर्वेला फणस, चार महिने पाऊस

कौलारू:
राजापूर तालुक्यातल्या घरी नवीन डीटीएच जोडणी घ्यायची आहे. वाडीत केबल नाही, मोबाइलला रेंज जेमतेम, त्यामुळे ओटीटीचा विचार सोडला आहे. आईबाबा बारा महिने तिथे असतात, रिचार्ज मुंबईहून करावा लागेल. हवेत ते चॅनेल: स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी, सह्याद्री, मराठी बातम्यांचे एकदोन आणि क्रिकेटसाठी एक.

घर कौलारू, भिंती चिऱ्याच्या. डिश खळ्यात बसवली तर तिथून पूर्व-आग्नेयेला साधारण ३० फुटांवर फणस आहे, उंची ४० फुटांच्या आसपास. दक्षिणेकडची बाजू मोकळी. टीव्ही दोन: एक ओटीवर, एक माडीवर. पावसात सिग्नल कमीत कमी जावा, ही मुख्य गरज. टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही, डी२एच आणि फ्री डिश यांतलं काय घ्यावं?

अंशअंश:
ऑफर बघण्याआधी आकाश बघा. या पाच सेवा पाच वेगवेगळ्या जागांवरच्या उपग्रहांवरून येतात. तुमच्या खळ्यातून कुठला उपग्रह अडथळ्याशिवाय दिसतो यावर निम्मा निर्णय होतो.

राजापूर परिसरासाठी हिशेब असा निघतो. दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे, उंची क्षितिजापासून. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे: दिशा १५० अंश, उंची ६७. डी२एच ८८ वर: दिशा १३८, उंची ६४. फ्री डिश ९३.५ वर: दिशा १२८, उंची ६०. डिश टीव्ही ९५ वर: दिशा १२६, उंची ५८. एअरटेल १०८.२ वर: दिशा ११२, उंची फक्त ४६. डिश टीव्ही आणि डी२एच २०१८ पासून एकाच कंपनीचे असले तरी उपग्रह वेगळे आहेत. एकाची डिश तशीच ठेवून दुसऱ्याचा बॉक्स लावला तर काहीही दिसणार नाही.

आता तुमचा फणस. डिश जमिनीपासून ५ फुटांवर धरली तर झाडाचा शेंडा तिच्यावर ३५ फूट, अंतर ३० फूट. कोन येतो ४९ अंश. एअरटेलची रेषा ४६ अंशांवरून, नेमकी त्याच बाजूने जाते, म्हणजे फणसाच्या डोक्यातून. उन्हाळ्यात पानं कोरडी असताना कदाचित थोडंफार चित्र येईल, पण ओलं पान या लहरी गिळून टाकतं. जूनमध्ये पहिल्या सरीनंतर चॅनेल जातील आणि दोष पावसावर ढकलला जाईल. बाकीच्या चारही सेवांच्या रेषा ५८ अंशांवर किंवा त्याहून वर आहेत, त्या फणसावरून सुटतात. पण झाड वाढतं, हे धरून किमान ५ अंश मोकळे ठेवा.

दुसरा मुद्दा पावसाचा. डीटीएच ज्या केयू बँडच्या लहरींवर येतं, त्यांना नुसत्या मळभाचा फारसा त्रास नसतो, अडवतात ते मोठे थेंब. उपग्रह जितका खाली तितकी लहर तिरकी येते आणि पावसाच्या थरातून जास्त अंतर कापते. ६७ अंशांवर ते अंतर सरळ उभ्या उंचीच्या १.०९ पट, ४६ अंशांवर १.३९ पट. म्हणजे सव्वापटीहून जास्त पाऊस वाटेत. पूर्व महाराष्ट्रात हा फरक कमी होतो, कारण तिथून १०८.२ चा उपग्रह थोडा वर दिसतो. कोकण मात्र पश्चिम टोकाला, आणि पाऊसही इथेच जास्त. म्हणून एअरटेल वाईट असं नाही, पूर्वेला मोकळा माळ असलेल्या घरात ते उत्तम चालतं. तुमच्या खळ्याला ते जमणार नाही.

झाडाचा कोन अंदाजाने धरू नका. कंपासपेटीतला कोनमापक उलटा धरा, मध्याच्या भोकातून दोरा ओवून खाली नट बांधा. सरळ कडेवरून शेंड्यावर नजर लावा. दोरा ९० पासून जितका सरकेल तितकी शेंड्याची उंची. दिशेसाठी फोनमधलं होकायंत्र पुरतं, फक्त लोखंडी पत्रा, ग्रिल, मोटरसायकल यांच्यापासून दहा पावलं लांब उभे राहा.

जमाखर्च:
आकाशाचं गणित वर आलं, मी पैशाचं सांगतो.

२०१९ पासून दोन गोष्टींचे पैसे वेगळे लागतात: जोडणीचं मासिक भाडं, ज्याला एनसीएफ म्हणतात, आणि सशुल्क चॅनेलची किंमत. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. सुरुवातीला एनसीएफला १३० रुपयांची मर्यादा होती, करासह १५३ रुपये ४० पैसे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ती मर्यादा काढली, आता प्रत्येक कंपनी स्वतःचा आकडा ठरवते. म्हणून दुकानदाराला "पॅक कितीला" एवढंच विचारू नका. एनसीएफ किती, त्यात किती चॅनेल, दुसऱ्या टीव्हीचा एनसीएफ किती आणि हे सगळं करासह की करावेगळं, असे चार प्रश्न विचारा. दुसऱ्या टीव्हीच्या आकड्यातच बहुतेक लोक फसतात.

तुमची यादी छोटी आहे. "मराठी फॅमिली" वगैरे नावांच्या पॅकमध्ये दीडशे चॅनेल दिसतात, त्यातले बरेच फुकटचेच असतात. मराठी वाहिन्यांचे प्रसारकांचे छोटे पॅक घ्या आणि क्रिकेटचा एक चॅनेल सुटा घ्या. क्रिकेटचा चॅनेल मालिका असेल त्या महिन्यापुरता चालू करून नंतर काढताही येतो. काढण्याआधी त्या चॅनेलला किमान मुदत लावली आहे का, ते ॲपमध्ये बघा. सह्याद्री सगळीकडे आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

फ्री डिशबद्दल स्पष्ट सांगतो: मासिक खर्च शून्य, बॉक्स एकदाच घ्यायचा, रिचार्जची भानगड नाही. पण स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी त्यावर नाहीत. खासगी चॅनेल लिलावात जागा घेऊन येतात, त्यामुळे यादी बदलत राहते. आईबाबांच्या मालिका या तिन्हींवरच्या असतील तर ओटीवर फ्री डिश चालणार नाही. माडीवरच्या टीव्हीला मात्र ती चांगली, दुसरा एनसीएफ वाचतो. बॉक्स एमपीईजी-४ चाच घ्या, जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही चॅनेल उघडतच नाहीत.

अँड्रॉइडवाला महाग बॉक्स घेऊ नका. त्याचे जास्तीचे पैसे इंटरनेटसाठी असतात आणि तुमच्याकडे तेच नाही. साधा एचडी बॉक्स पुरे.

आणखी एक. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्याला चालत नाही. ट्रायने २०२० मध्ये बॉक्स सगळीकडे चालावेत अशी शिफारस केली होती, पण घराघरांत ते आलेलं नाही. त्यामुळे निवड चुकली तर बॉक्सचे पैसे गेले. वर्षभराचा रिचार्ज एकदम करायचा तर पहिला पावसाळा काढल्यावर करा.

ओळंबा:
कंपनी कुठलीही घ्या, पावसात चित्र टिकणं निम्मं बसवण्यावर असतं. तंत्रज्ञ घाईत असतो, म्हणून घरच्या माणसाने उभं राहून चार गोष्टी करून घ्याव्यात.

कौलांवर किंवा वाशाला डिश नको. वाऱ्यात वासा हलतो आणि एक अंशाचा फरकही जाणवतो. चिऱ्यात प्लास्टिकचे गट्टू ठोकून स्क्रू मारले तर दोन पावसाळ्यांत भोक मोठं होतं, चिरा मऊ असतो. खळ्यात दीड फूट लांब-रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या, दीड इंची जीआय पाइप काँक्रीटमध्ये उभा करा आणि ओळंबा लावून दोन बाजूंनी तपासा. काँक्रीट आठवडाभर भिजवा, मग डिश चढवा. पाइप तिरका असेल तर डिशमागच्या पट्टीवरचे अंश खोटे ठरतात आणि तंत्रज्ञ अर्धा दिवस चाचपडतो. उपग्रह ६० अंशांच्या आसपास किंवा वर असल्यामुळे डिश उंचावर हवी असं नाही, फक्त पागोळ्या तिच्यावर पडू नयेत.

डिशचा आकार: कंपनीची साधी डिश ६० सेंमीची असते. ९० सेंमीची घेतली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट, सिग्नल साधारण साडेतीन डेसिबलने वाढतो. आषाढातल्या मुसळधार सरीत सिग्नल तरीही जाईल, पण उशिरा जाईल आणि लवकर परत येईल. मोठ्या डिशचा झोत अरुंद असतो, ६० सेंमीला सुमारे ३ अंश तर ९० ला २ अंश, म्हणून ती जास्त काटेकोर लावावी लागते आणि वाराही जास्त धरते. डिश मोठी घेतली तर पाइप दोन इंची करा, पण आधी डिशच्या क्लॅम्पचं माप बघून घ्या.

लावताना बॉक्सच्या सिग्नल पानावर "स्ट्रेंग्थ" नव्हे, "क्वालिटी" बघायची. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य याचा अर्थ बहुधा शेजारचा उपग्रह पकडला आहे. ९३.५ आणि ९५ यांच्यात हे नेहमी होतं. क्वालिटी कमाल झाली की एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा भाग) पाच-पाच अंश फिरवून अजून वाढते का बघा, मग बोल्ट आलटूनपालटून आवळा. एकच बोल्ट पूर्ण आवळला की डिश सरकते.

केबल आरजी-६, तांब्याच्या तारेची, मध्ये सांधा न देता. ३० मीटरपर्यंत चिंता नाही. बॉक्स एलएनबीला एका गटातल्या चॅनेलसाठी १३ व्होल्ट देतो आणि दुसऱ्या गटासाठी १८. हलक्या, गंजलेल्या केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि १८ वाले चॅनेल गायब होतात, १३ वाले नीट दिसतात. "अर्धे चॅनेल दिसतात, अर्धे नाही" ही तक्रार असली की आधी केबल आणि कनेक्टर बघावेत. केबलच्या टोकाचा एफ-कनेक्टर पिळून बसवायचा नको, दाबून बसवायचा घ्या. एलएनबीजवळच्या जोडावर रबरी सेल्फ-सीलिंग टेप ताणून गुंडाळा. केबल खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आत येणार नाही.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की बॉक्सचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढा. नुसता स्विच बंद करून उपयोग नाही, वीज केबलमधून शिरते आणि बॉक्ससोबत टीव्हीचा एचडीएमआय भागही जळतो. पाइपला अर्थिंग जरूर द्या, पण त्यावर विसंबू नका.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबरअखेरीला दिवसा ठरावीक वेळी काही मिनिटं सिग्नल जातो. सूर्य तेव्हा उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. तेव्हा डिशला हात लावू देऊ नका.

कौलारू:
बाबांकडून कोनमापकाने मोजून घेतलं. फणसाचा शेंडा ५१ अंश. १४० दिशेला एक माड निघाला, त्याच्या झावळ्या ६२ अंशांपर्यंत. १५० दिशेला ३० अंशांच्या वर काहीच नाही. गोठ्यावर जुनी ६० सेंमीची डिश आहे, केबलसकट. ती वापरता येईल का? आणि माडीवर वेगळी केबल टाकावीच लागेल, की दोन भागांचा स्प्लिटर चालेल?

अंशअंश:
मग डी२एच काठावर आहे. ६४ आणि ६२ मध्ये दोनच अंश, आणि झावळ्या वाऱ्याने हलतात. ८३ अंशांचा उपग्रह, म्हणजे टाटा प्ले, तुमच्या खळ्याला सगळ्यात निर्धोक. पैसे देण्याआधी त्यांचा माणूस राजापूर, ओणी किंवा पाचलहून तुमच्या वाडीपर्यंत येतो का, एवढं विचारून घ्या. येत नसेल तर फणसावरून ७ अंश सुटणारी डिश टीव्ही दुसऱ्या क्रमांकावर.

ओळंबा:
जुनी डिश वाकलेली नसेल तर वापरा. तपासायला तिच्या कडांवर दोन दोरे फुलीसारखे ताणा. मध्यावर दोन्ही एकमेकांना टेकले तर डिश सरळ, फट राहिली तर पिळलेली, ती सोडा. एलएनबी आणि केबल मात्र नवीनच घ्या.

स्प्लिटर चालणार नाही. एक बॉक्स १३ व्होल्ट मागतो तेव्हा दुसरा १८ मागू शकतो आणि एकाचे चॅनेल जातात. दोन तोंडांचा एलएनबी लावा आणि माडीवर स्वतंत्र केबल न्या. माडीवर फ्री डिश ठेवणार असाल तर तिला वेगळी डिशच हवी, आणि जुनी ६० सेंमीची तिथेच कामी येईल: दिशा १२८, उंची ६०. जागा माडापासून जरा बाजूला धरा आणि नव्या जागेवरून फणसाचा कोन पुन्हा मोजा.

जमाखर्च:
नोंदणी करताना मोबाइल नंबर बाबांचा द्या, तुमचा पर्यायी म्हणून. रिचार्ज कुठूनही होतो, पण चॅनेल परत सुरू करायला मिस्ड कॉल नोंदवलेल्या नंबरावरूनच जावा लागतो. बॉक्स बरेच दिवस बंद राहिला किंवा मुदत संपून गेली तर रिचार्जनंतर तो अर्धा तास एखाद्या सशुल्क चॅनेलवर चालू ठेवायला सांगा. परवानगीचा संदेश उपग्रहावरूनच येतो, बॉक्स बंद असेल तर तो पोचत नाही.